माहीमचे मखदूम अली

कोकणातील मुलांनी विद्येसाठी घर सोडावे, ही काही नवी गोष्ट नव्हे. दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावाहून 1875 साली धोंडो केशव कर्वे नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. त्यास परीक्षा द्यावयाची होती. तेथे ‘तू वयाने लहान दिसतोस’ असे म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. पुढे तोच मुलगा महर्षी कर्वे या नावाने प्रसिद्धीस आला. परंतु याच किनाऱ्यावर, मुरूडच्या बऱ्याच उत्तरेस, त्याच्याही पाचशे वर्षे आधी असाच एक मुलगा वाढत होता. विद्येची तळमळ त्यासही तितकीच होती. घर सोडणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

त्या मुलाचे नाव अली. त्याचा जन्म 1372 साली माहीम येथे झाला. आजची अफाट मुंबई त्या वेळी नव्हती. समुद्रात विखुरलेली सात बेटे होती आणि माहीम हे त्यांपैकी एक. अलीचे घराणे नवायत. दूर अरब देशांतून समुद्रमार्गे येऊन पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या लोकांना नवायत म्हणत. वडील शेख अहमद हे व्यापारी होते आणि विद्वानही होते. अलीचे पहिले गुरू तेच. पण अली लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले आणि मुलाच्या शिक्षणाचा सारा भार आई फातिमा हिच्यावर पडला.

या मायलेकरांविषयी एक कथा माहीमच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एके रात्री आईने पाणी मागितले. अली पाणी घेऊन येतो तो आईचा डोळा लागलेला. तिची झोप मोडू नये आणि जाग येताच पाणी मिळावे, म्हणून तो पेला हातात धरून उशाशी उभा राहिला. पहाटे आईने डोळे उघडले, तेव्हा तो तसाच उभा होता!

आता अलीपुढे खरा पेच उभा राहिला. माहीमला मिळण्याजोगे शिक्षण संपत आले होते. पुढे शिकायचे तर दूरदेशी जाणे भाग होते. गलबते तर दारापुढूनच जात. आईस त्याने विचारले. पण पतीमागे हा एकुलता आधार दृष्टीआड करण्यास तिचे मन धजेना. अलीने हट्ट धरला नाही. तो समुद्रकाठी जाऊन बसू लागला. तेथे ख्वाजा खिज्र त्यास भेटले आणि रोज पहाटे त्यास पाठ देऊ लागले, अशी आख्यायिका आहे. खिज्र म्हणजे वाट चुकलेल्यांस मार्ग दाखविणारे सत्पुरुष, असे मुसलमान मानतात. या कथेस इतिहासाचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. एवढे मात्र खरे, की घरी राहिलेल्या त्या मुलाने पुढे जी विद्या संपादन केली, ती पाहून कोणासही तिचा गुरू कोण, असा प्रश्न पडावा.

अलींनी अरबी भाषेत अनेक ग्रंथ लिहिले. त्यांतील मुख्य म्हणजे त्यांचे कुराणावरील भाष्य. ‘तफसीर-ए-रहमानी’ या नावाने ते ओळखले जाते. तफसीर म्हणजे धर्मग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणारी टीका. भारतात लिहिल्या गेलेल्या जुन्या अरबी भाष्यांत त्याची गणना होते. एका वचनातून दुसरे वचन कसे निघते, त्यांचा परस्परांशी संबंध काय, हे दाखविण्यावर त्यांचा भर आहे. कुराणात 114 अध्याय आहेत. एक अध्याय सोडला तर प्रत्येकाच्या आरंभी ईश्वराच्या नामस्मरणाचे तेच वाक्य येते. सामान्य वाचक ते म्हणून पुढे जातो. अलींनी मात्र त्या त्या अध्यायाच्या विषयास धरून दर वेळी त्या वाक्याचा निराळा अर्थ सांगितला आहे. माहीमच्या बेटावर लिहिलेला हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये कैरो येथे छापला गेला. ज्या परदेशी जावे असे लेखकास बालपणी वाटले होते, तेथे त्याचा ग्रंथ जाऊन पोहोचला.

स्पेनमध्ये जन्मलेले थोर सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांच्या ग्रंथावरही त्यांनी टीका लिहिली. ईश्वर हेच एक सत्य असून सारी सृष्टी हे त्याचेच प्रकटीकरण होय, असा इब्न अरबींचा विचार. अनेक पंडितांस तो रुचत नसे. अलींनी त्याचा पक्ष घेतला. आपल्याकडील ज्ञानेश्वरीच्या वाचकास हा विचार फारसा परका वाटणार नाही.

पण ते केवळ ग्रंथांत रमणारे नव्हते. त्या काळी माहीमवर गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता आणि तेथील मुसलमानांचे धर्मशास्त्री म्हणून अलींची नेमणूक झाली होती. विवाह, वारसा, देणेघेणे यांविषयीचे धर्माचे नियम समजावून सांगणे, हे धर्मशास्त्र्याचे काम. कोकणी मुसलमान ज्या शाफई धर्मशास्त्रानुसार वागतात, त्यावरही अलींचा ग्रंथ आहे. त्यांच्या उतारवयात माहीमसाठी बहामनी आणि गुजरातच्या फौजांमध्ये लढाई जुंपली. सत्ता इकडून तिकडे गेली आणि पुन्हा परत आली. 1431 साली माहीम येथेच त्यांचा अंत झाला. लोक त्यांना आदराने ‘मखदूम’, म्हणजे ज्यांची सेवा करावी असे पूज्य पुरुष, म्हणू लागले. ‘कुत्ब-ए-कोकण’, म्हणजे कोकणचा ध्रुव, ही त्यांची आणखी एक पदवी.

माहीम येथे त्यांचा दर्गा आहे. दर वर्षी डिसेंबर महिन्यात तेथे मोठी जत्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक तीस जातात. जत्रेतील पहिली चादर वाहण्याचा मान मुंबईच्या पोलिसांचा. माहीमच्या पोलीस ठाण्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते आणि गणवेशातील अधिकारी डोक्यावर चादर घेऊन दर्ग्यात जातात. आत मखदूम अलींच्या कबरीशेजारीच दुसरी एक कबर आहे. ती त्यांच्या आईची.