परिचारिकांची नोंदवही

प्रस्तावना

रुग्णालयातील परिचारिका शिकलेली आणि नोंदणीकृत असणार, असे आपण गृहीत धरतो. ही व्यवस्था सहजासहजी निर्माण झाली नाही. जबलपूर ज्या प्रांतात होते, त्या मध्य प्रांताच्या उदाहरणावरून तिची जडणघडण या पाठात समजून घेऊ.

सुईणीचे ज्ञान

एकोणिसाव्या शतकात बाळंतपणे बहुधा घरीच होत. सुईणीची विद्या आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येई. तिच्या हाताला अनुभव होता. परंतु न धुतलेल्या हातांतून आणि नाळ कापण्याच्या अस्वच्छ साधनातून जंतू शरीरात शिरतात, हे तिला कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे बाळंतज्वराने माता आणि धनुर्वाताने अर्भके दगावत. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास तयार नसत.

शिक्षणाचा आरंभ

स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, या हेतूने 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी स्थापन झाला. स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुईणी यांचे शिक्षण हे त्याचे काम होते. जबलपूरचे स्त्रियांचे रुग्णालय लेडी एल्गिन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 1903 मध्ये लेडी कर्झन यांनी परंपरागत सुईणींना शिकवण्यासाठी शिष्यवृत्ती निधी उभारला. हातावर पोट असलेल्या स्त्रीला वर्गात आणायचे, तर तिच्या बुडालेल्या कमाईची सोय करणे आवश्यकच होते.

अडचण केवळ पैशांची नव्हती. प्रसूतीचे काम विटाळाचे मानले जाई. म्हणून ते बहुधा ‘खालच्या’ समजल्या जाणाऱ्या जातींतील स्त्रियांवर सोपवलेले असे आणि उच्चवर्णीय घरांतील मुली शुश्रूषेच्या व्यवसायाकडे वळत नसत. 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवले आणि हा समज मोडण्यास हातभार लावला.

नोंदणीचा कायदा

शिक्षण वाढले, तसा नवा प्रश्न उभा राहिला : कोणाला ‘शिकलेली’ म्हणायचे? याचे उत्तर कायद्याने दिले. मद्रास प्रांतात 1926 मध्ये, मुंबई प्रांतात 1935 मध्ये आणि मध्य प्रांतात 1936 मध्ये नोंदणीचे कायदे झाले. ठरावीक शिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रीचे नाव नोंदवहीत चढू लागले. रुग्णाला त्यामुळे भरवसा मिळाला आणि परिचारिकेला व्यवसायातील प्रतिष्ठा.

तरीही गरजेच्या मानाने ही संख्या तुटपुंजी होती. भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशात सुमारे 7,000 परिचारिका आणि 5,000 सुईणी होत्या. म्हणजे सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे 20 माता मरण पावत, असा समितीचा अंदाज होता. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद केली आणि देशभर शिक्षणाचा समान दर्जा ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला.

1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, तर विदर्भ मुंबई राज्यात गेला. पुढे महाराष्ट्राने 1966 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1972 मध्ये आपापले कायदे केले.

या साऱ्या वाटचालीत खेड्यातील सुईण बहुधा नोंदवहीबाहेरच राहिली. तिच्यावर विसंबणाऱ्या मातांपर्यंत शिकलेले हात पोहोचवणे, हे स्वतंत्र भारतापुढील मोठे काम ठरले.

शब्दार्थ

शुश्रूषा – रुग्णसेवा
विटाळ – अपवित्रता, अशौच
अर्भक – नवजात बाळ
तुटपुंजी – अपुरी

स्वाध्याय

1. सुईणींना शिकवताना शिष्यवृत्तीची गरज का होती?
2. नोंदणीमुळे रुग्णाला व परिचारिकेला कोणता लाभ झाला?
3. ‘अनुभव आणि शिक्षण’ यांविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.