खालचा जबडा झिजतो तेव्हा

अमेरिकेत मी दातांची डॉक्टर आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत ज्येष्ठांची एक तक्रार नेहमी ऐकते : "खालची कवळी बसतच नाही हो." दोष पुष्कळदा कवळीचा नसतो, तिच्याखालच्या हाडाचा असतो.

दाताच्या मुळावाटे हाडाला चावण्याचा दाब मिळतो. दात गेला की तो थांबतो आणि हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षी झीज सर्वांत जास्त, पण पुढेही ती चालूच राहते. सगळे दात गेलेल्यांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो.

यावर एक उपाय म्हणजे हाडाचं कलम. आंब्याच्या कलमात लावलेली काडीच वाढते. इथे बसवलेलं हाड परांचीचं काम करतं आणि तिच्या आधाराने आपलं हाड भरून येतं. त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात. मग इम्प्लांट बसवता येतं. कलमाचं हाड स्वतःच्या जबड्याचं किंवा कमरेचं, मृत दात्याचं, गाईचं किंवा कृत्रिम असतं. गाईचं चालणार नसेल तर आधीच सांगा.

प्रत्येकाला कलम लागतंच असं नाही. हनुवटीपाशी बहुधा पुरेसं हाड शिल्लक असतं. तिथे दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवता येते. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवला होता. म्हणून "कलमाशिवाय भागेल का?" हे जरूर विचारा.

शस्त्रक्रियेपूर्वी लक्षात ठेवा :

१. हाडांच्या ठिसूळपणासाठी फोसामॅक्ससारखं औषध घेत असाल तर सांगा. जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. औषध स्वतःहून बंद करू नका.

२. मधुमेह आटोक्यात हवा, धूम्रपान बंद हवं.

३. खालच्या ओठाला बधिरपणा येण्याची शक्यता किती, ते विचारा.

४. मूळ मेडिकेअर सहसा इम्प्लांटचे किंवा त्यासाठीच्या कलमाचे पैसे देत नाही. डेंटल इन्शुरन्सला बहुधा वार्षिक मर्यादा असते. कलम, इम्प्लांट आणि कवळी यांचा वेगवेगळा लेखी अंदाज आधीच मागवा.

आणि दात काढायचा ठरलाच, तर त्याच वेळी खड्ड्यात कलम भरता येईल का, ते विचारा. त्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते. झिजलेला जबडा पुन्हा उभारण्यापेक्षा ते सोपं आणि स्वस्त पडतं.