कानातील नवे आवाज : कर्णनादाचे बदलते रूप आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची रीत

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी येथील यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या कामगाराला मागांच्या खडखडाटाचे पुढे काही वाटेनासे होते. पाळी संपवून तो घरी येतो, जेवण उरकून अंथरुणाला पाठ टेकतो आणि घर निजले की त्याच्या कानात रातकिडे किरकिरू लागतात. हे रातकिडे घरातील अन्य कोणालाही ऐकू येत नाहीत. काही काळाने तो त्यांनाही सरावतो. मग एखाद्या रात्री त्या किरकिरीच्या जोडीला एक बारीक शिट्टी सुरू होते, किंवा डाव्या कानात दुरून मोटार चालू असल्यासारखी घरघर येऊ लागते. इतकी वर्षे निभावून नेलेला माणूस अशा वेळी एकाएकी खचतो. पहिल्या आवाजाने जेवढी झोप उडविली नव्हती तेवढी हा दुसरा आवाज उडवितो.

बाहेर ध्वनीचा उगम नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, यास कर्णनाद म्हणतात. ग्रामीण भागात 'कान वाजतात' असे म्हणण्याची पद्धत आहे व ती पुरेशी अर्थवाही आहे. कर्णनाद हा स्वतंत्र रोग नव्हे. ते एक लक्षण होय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव आलेला असतो व सुमारे २ टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात छळतो. आपल्या प्राचीन वैद्यांनाही तो अपरिचित नव्हता. नगारा, मृदंग, शंख अशा वाद्यांसारखा नाद आणि वेणूसारखा बारीक नाद यांत त्यांनी भेद केला होता व दुसऱ्यास कर्णक्ष्वेड असे निराळे नावही दिले होते. आवाज अनेक प्रकारचे असतात, ही गोष्ट रुग्णाला बहुधा प्रथमच कळते आणि तेवढ्यानेच त्याला थोडे हायसे वाटते.

आवाज निघतो कोठून?

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनिलहरींनी या पेशी हलल्या की मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो. मोठा आवाज, वाढते वय किंवा काही औषधे यांमुळे या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूला त्या विशिष्ट स्वरपट्टीचा संदेश कमी मिळू लागतो. दुबळ्या केंद्राचा कार्यक्रम ऐकण्यासाठी रेडिओचा आवाज वाढवीत नेला की कार्यक्रमाबरोबर खरखरही वाढते. मेंदूचेही काहीसे असेच होत असावे, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. कमी पडलेला संदेश पकडण्यासाठी तो आपली ग्रहणशक्ती वाढवितो आणि एरवी जाणवू नये अशी मज्जातंतूंची अंतर्गत हालचाल त्याला आवाज म्हणून भासू लागते.

ही हालचाल प्रत्येकाच्याच ठायी असते. हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. कोणी गुणगुण सांगितली, कोणी शिट्टी. पूर्ण शांतता ही कान वाजण्यास अनुकूल परिस्थिती आहे, एवढे तरी यावरून निश्चित होते आणि पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

आवाज का बदलतो?

कर्णनाद एकदा सुरू झाला की जन्मभर एकाच सुरात राहतो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तो बदलणे ही नित्याची बाब आहे. वयोमानाने श्रवणशक्ती आणखी घटली की सूर बदलू शकतो. कानात मळ साचणे, सर्दीने कान व घसा यांना जोडणारी नळी बंद होणे, पावसाळ्यात कानात बुरशी धरणे, रात्रीचे जागरण, घरातील काळजी, मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर काढलेले दोन तास, यांपैकी काहीही निमित्त पुरते. कित्येकांचा आवाज जबडा आवळला किंवा मान वळविली की चढतो-उतरतो. कारण मान व जबडा यांच्या संवेदना वाहून नेणारे तंतू मेंदूत श्रवणकेंद्रांशी निगडित असतात. काही वेळा औषध हे कारण असते. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनीन, तसेच स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन व अमिकासिन ही इंजेक्शने कानास अपाय करू शकतात. ॲस्पिरिनचा परिणाम बहुधा औषध थांबल्यावर ओसरतो, इंजेक्शनांचा कायमचा राहू शकतो. तथापि क्षयासारख्या आजारावरील औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये. आवाज सुरू होताच उपचार करणाऱ्या डॉक्टरांस सांगावे.

आता मुख्य प्रश्न. जुन्या आवाजाला सरावलेला माणूस नव्या आवाजाने का कोलमडतो? याचे उत्तर गावच्या पिठाच्या गिरणीत सापडते. गिरणीशेजारी राहावयास आलेल्या कुटुंबाला पहिले पंधरा दिवस तिचा आवाज असह्य होतो, महिन्याभराने तो त्यांच्या खिजगणतीतही राहत नाही. पण पट्टा सैल झाला किंवा दगडाचा सूर बिघडला की तेच कुटुंब कान टवकारते, आणि गिरणीवाला तर हातातले काम टाकून धावतो. आवाज मोठा झाला म्हणून हे घडत नाही. तो निराळा झाला म्हणून घडते. परिचित व निरुपद्रवी ठरलेला आवाज मेंदू बाजूस सारतो आणि अपरिचित आवाजाची चौकशी होईपर्यंत त्यास सोडीत नाही. ही राखण एरवी प्राणरक्षक आहे. कर्णनादात मात्र चौकशी करावी असे बाहेर काहीच नसते, म्हणून ती लांबते. भीतीने लक्ष वाढते, लक्षाने आवाज मोठा भासतो, मोठ्या आवाजाने भीती वाढते. जास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा गाभा हाच होता : त्रास ठरतो तो आवाजाला मन कोणता अर्थ देते त्यावरून.

श्रवणतपासणीत या विधानास पुष्टी मिळते. रुग्णाच्या कर्णनादाशी बाहेरचा आवाज जुळवून पाहिला असता तो पुष्कळदा ऐकू येण्याच्या किमान मर्यादेपेक्षा काही थोड्याच डेसिबलने वर असतो. 'डोक्यात इंजिन चालते' असे सांगणाऱ्या माणसाचा आवाज मोजमापात कुजबुजीएवढा निघतो. याचा अर्थ तो खोटे बोलतो असा कदापि नव्हे. वैद्यकीय रजेचा अर्ज हातात असलेल्या अधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आवाजाची मोजणी आणि यातनेची मोजणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम तपासणी

नवा आवाज 'मनाचा खेळ' म्हणून सोडून देणे हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद होय. एका कानाची श्रवणशक्ती काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी गेली आणि तिच्यासोबत आवाज सुरू झाला, तर ती तातडीची बाब समजावी. अशा वेळी स्टेरॉइड औषधांचा गुण येण्याचा संभव पहिल्या दोन आठवड्यांत अधिक असतो. त्यानंतर तो झपाट्याने घटतो. दुर्दैवाने हेच दोन आठवडे पुष्कळदा 'सर्दीने कान बसला' म्हणत लसणाचे कोमट तेल घालण्यात जातात. पडद्यास छिद्र असेल तर तेलाने अपाय होतो आणि नसेल तरी अंतर्कर्णापर्यंत ते पोहोचत नाही. गेलेला दिवस मात्र परत येत नाही.

नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज निराळ्या जातीचा असतो. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, रक्तवाहिन्यांतील दोष अशी त्याची कारणे असू शकतात. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हिमोग्लोबिनची साधी तपासणी प्रथम करावी. केवळ एकाच कानात टिकून राहणारा आवाज, घेरी व कान भरल्याची भावना यांसह येणारी घरघर, कान वाहणे, डोक्यास मार लागल्यानंतरचा आवाज, यांपैकी काहीही असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे यांची जोड असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

येथे आणखी एका प्रकाराचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ऐकू कमी येणाऱ्या काही वृद्धांना कानात भजनाची चाल, बँड किंवा जुने गाणे ऐकू येते. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे; श्रवण मंदावलेल्या मेंदूची ती करामत असते व श्रवणयंत्राने ती कित्येकदा कमी होते. अशा आजीला देवऋषाकडे नेण्याऐवजी श्रवणतपासणीस नेणे इष्ट. उलट, आवाज स्पष्ट शब्दांत बोलू लागला, आज्ञा देऊ लागला, तर तो कर्णनाद नसून त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक असतो.

जुळवून घेण्याची रीत

तपासणीत गंभीर काही आढळले नाही, की डॉक्टर बहुधा सांगतात, 'याची सवय करून घ्या.' सल्ला खरा आहे, पण अपुरा. सवय कशी करावयाची, हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आवाजाचा पाठलाग थांबविणे. नवा सूर आला की माणूस दिवसातून वीस वेळा शांत कोपऱ्यात जाऊन तो आहे की गेला हे पाहतो, कान दाबून पाहतो, कालच्यापेक्षा वाढला का याचा हिशेब ठेवतो. प्रत्येक पाहणी ही मेंदूला दिलेली 'हे महत्त्वाचे आहे' अशी सूचना ठरते. त्याऐवजी शांतता टाळावी. रात्री पंखा, हळू लावलेला रेडिओ, पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज चालू ठेवावा. मात्र तो इतका मोठा नसावा की कर्णनाद पूर्णपणे बुडून जाईल. दोन्ही एकत्र ऐकू आले तरच मेंदू त्याला हळूहळू मागे सारण्यास शिकतो. दिवसभर कानात बोळे घालून बसणे घातक आहे. त्याने बाहेरचे आवाज अधिक बोचरे वाटू लागतात. बोळे वापरावेत ते यंत्रमागाजवळ, ढोलपथकात, फटाक्यांच्या वेळी.

श्रवणशक्ती घटलेली असेल तर श्रवणयंत्र हा बऱ्याच जणांना लाभणारा उपाय होय. बाहेरचे संदेश पुन्हा मिळू लागले की मेंदूला आपली खरखर वाढवीत बसावे लागत नाही. भीतीचे चक्र तोडण्यासाठी विचार व वर्तन यांवर आधारलेली मानसोपचार पद्धती आज सर्वाधिक पुराव्यानिशी सिद्ध आहे; ती आवाज घटवीत नाही, त्रास घटविते. कर्णनाद मुळापासून नाहीसा करणारी सर्वमान्य गोळी मात्र अद्याप निघालेली नाही. जिंको, जस्त इत्यादींच्या महागड्या बाटल्यांची शिफारस अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे नाकारली आहे. मोबाइलवर येणाऱ्या 'सात दिवसांत कान शांत' अशा जाहिराती वाचताना हे आठवावे.

सलग जागरणांनी माणूस निराशेच्या कडेला जातो, हे कुटुंबीयांनी गांभीर्याने घ्यावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले तर तो उद्गार क्षणिक म्हणून सोडू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

कर्णनाद टाळण्याचा विचार शाळा व ग्रामपंचायतीच्या पातळीवरच होऊ शकतो. सामान्यतः ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची सीमा मानतात व दर तीन डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी धरतात. या हिशेबाने शंभर डेसिबलच्या ध्वनिक्षेपकांपुढे पाव तासातच दिवसाचा वाटा संपतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. मिरवणुकीच्या परवान्यावर सही करणाऱ्याने हे आकडे एकदा शेजारी मांडून पाहावेत. शिक्षकांनी ढोलपथकातील मुलांना, सराव संपल्यावर कान वाजतात काय, एवढेच विचारावे. 'दुसऱ्या दिवशी सकाळी थांबतात' हे उत्तर निर्धास्त करणारे नाही; त्या रात्री कानाला ताण पडल्याची ती खूण असते.

यंत्रमागावरील त्या कामगाराचे काय? तपासणी होऊन गंभीर दोष नाही असे ठरले असेल, तर त्याने नव्या शिट्टीची रोज नोंद करू नये. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दोनच ओळी लिहाव्यात : झोप किती लागली आणि कोणते काम आवाजामुळे सोडावे लागले. शिट्टी किती मोठी होती, हे त्या वहीत लिहावयाचे नाही. पहिले काही रविवार वाईट जातात. पुढे एखाद्या रविवारी वही उघडावयाची राहून जाते आणि ते त्याच्या लक्षात येते सोमवारी, पाळीवर जाण्यासाठी कानात बोळे घालताना.