जुन्या स्कूटरचे सुटे भाग : कारागिरांनी काय करावे?

बजाज ऑटोने 1972 साली आणलेली चेतक ही मध्यमवर्गीयांची हक्काची गाडी होती. 2009 मध्ये कंपनीने स्कूटरनिर्मिती सोडण्याचे जाहीर केले. कानपूरचा एलएमएल कारखानाही पुढे बंद पडला. 2020 मध्ये चेतक हे नाव परत आले, पण ती गाडी विजेवरची. तिचे भाग जुन्या इंजिनाच्या कामाचे नाहीत.

जुनी गाडी मात्र अजून रस्त्यावर आहे आणि गिऱ्हाईक आपल्याच दारी येते. अशा वेळी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, जुना भाग फेकू नये. त्याचे माप घ्यावे व नमुना दाखवूनच नवा आणावा.

दुसरी, सिलिंडर झिजल्यास बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. मात्र पिस्टन हाती आल्याशिवाय बोअर करू नये, नाहीतर सिलिंडर अडकून पडतो.

तिसरी, भाग डुप्लिकेट किंवा वापरलेला असेल तर गिऱ्हाइकास आधी सांगावे व बिलावर लिहावे. मालातील दोष लपवून विकणे इस्लामला मंजूर नाही. नफा थोडा कमी होईल, पण विश्वास टिकेल. कंपनीचा आधार सुटलेल्या धंद्यात तेच खरे भांडवल आहे.