आभाळ कोरडे, नदीला पूर

वैनगंगेला आपण माय म्हणतो. पण ती निघते कुठून, हे शाळेतल्या पोरांना आम्ही विचारले की बहुतेक गप्प! मध्यप्रदेशात, शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे तिचा उगम. म्हणून भंडाऱ्याचे आभाळ पाहून पुराचा अदमास बांधू नये. २०२० च्या ऑगस्टअखेर वर अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे दरवाजे उघडले, आणि पाणी इकडे भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले. त्या साली करोनामुळे शाळा बंद होत्या, हे दैव. दर खेपेला दैव कसे पुरेल?

नदीकाठच्या शाळेने त्या पुराची रेघ भिंतीवर ओढावी. पोरे आपली उंची तिच्याशी लावून पाहतील. रपट्यावरून पाणी वाहत असता घरी सोडू नये; गुडघाभर वाहते पाणीही माणसाला पाडते. आणि सराव हवा. दिंडीत पुढे कोण, मागे राहिलेल्यास पाहणारा कोण, हे ठरलेले असते ना? तसेच थोरल्याने धाकट्याचा हात धरावा, गुरुजींनी हजेरीपट घेऊन शेवटी निघावे. पावसाळ्यापूर्वी एकदा उंच जागेपर्यंत चालून यावे, आणि किती वेळ लागला ते फळ्यावर लिहावे.