आधी कान, मग पान

बाळा, तुझी वही दोनदा वाचली. हात चांगला आहे तुझा, पण छापायची घाई त्याहून मोठी दिसते. म्हणून आत्याच्या या चार गोष्टी ऐक.

1. कविता झाली की मोठ्यानं म्हण — डोळा चूक पोटात घालतो, जीभ अडखळल्याशिवाय राहत नाही. आधी कान, मग पान.

2. ऐकवताना कागदाकडं नको, ऐकणाऱ्याकडं बघ. आजी सुपात तूर निवडत बसली असेल, तर तिचा हात कोणत्या ओळीला थांबला ते ध्यानात ठेव — "छान आहे गं" हे ती मायेपोटी म्हणणारच.

3. परतवारीच्या एकादशीला नामदेवरायांच्या नर्सीत टाळकऱ्यांच्या मागं बस. बुवांच्या तोंडचा चरण ते कसा झेलतात ते बघ — झेलता येतो तोच चरण चार तोंडी राहतो. नामदेवरायांनी 1350 मध्ये समाधी घेतली. 1604 मध्ये तिकडं पंजाबात शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात त्यांची 61 पदं आहेत. मधली अडीचशे वर्षं गाणाऱ्यांनी आणि उतरवून घेणाऱ्यांनी ती सांभाळली, हे विसरू नको.

4. "इथं कळलं नाही" असं कुणी म्हटलं तर अर्थ सांगत बसू नको — पुस्तकासोबत तू घरोघरी जाणार नाहीस. पण त्यानं सुचवलेला शब्दही लगेच उचलू नको. जागा दाखवावी ऐकणाऱ्यानं, शब्द शोधावा लिहिणाऱ्यानं.

5. खोडताना एकच रेघ ओढ, शेजारी तारीख टाक — महिन्याभरानं तोच शब्द परत हवासा वाटतो.

6. गावचा शब्द "कळणार नाही" म्हणून काढू नको. आपल्या वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव शेतशिवाराच्या बोलीतच लिहीत आले — आणि त्यांना शहरातही वाचक मिळाले.

7. मैत्रिणीची कविता वाचायला आली तर खूण कर, ओळ घालू नको. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तीही आपली ओवी न घालता, आणि इतरांनाही तसंच बजावलं — दुरुस्ती मूळ शब्दासाठी असते, आपल्या हौसेसाठी नाही.

8. छापलेली कविता पुढं बदलावीशी वाटली तर जरूर बदल, पण गुपचूप नको. पुढच्या आवृत्तीत खाली दोन ओळींची टीप दे — जिला जुनं कडवं पाठ आहे, तिला आपलंच चुकलं असं वाटायला नको. तिनं ते पाठ केलं तेव्हाच ते थोडं तिचं झालं. तिला जुनंच आवडलं तर म्हणू दे, टोकू नको.

9. चार ठिकाणी ऐकवून कुणीच अडखळलं नाही, की हात आवर.

आता वहीतली तिसरी कविता घे. तिचं दुसरं कडवं मला झेलता आलं नाही. एकादशीला येशील तेव्हा ते म्हणून दाखव.