‘फॅमिली’ पाटीमागचा अंधार

बंदिस्त, अंधाऱ्या जागेत रुळांवरून किंवा पाण्यातून सरकणाऱ्या छोट्या डब्यात प्रेक्षकाला बसवून, वाटेत प्रकाश, आवाज आणि हलत्या बाहुल्या यांच्या साहाय्याने एखादी कथा दाखवणाऱ्या करमणुकीला मनोरंजन उद्यानांच्या व्यवसायात ‘डार्क राइड’ म्हणतात. परभणी जिल्ह्यात तिचे परिचित रूप म्हणजे यात्रेत, उरुसात आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्या शेजारी पत्रे ठोकून उभा राहणारा भूत बंगला होय. काही ठिकाणी त्यातून चालत जावे लागते, तर काही ठिकाणी आत छोटी रेल्वे धावते. अलीकडे याच पत्र्यांवर कार्टूनमधील ओळखीची पात्रे रंगवून वर ‘फॅमिली’ अशी पाटी लावली जाते, आणि या लेखाचा रोख त्या पाटीवर आहे.

लहान मुलांनी पाहण्याजोगे काय आणि न पाहण्याजोगे काय, हा प्रश्न मोठ्या उद्यानांनाही चुकलेला नाही. अमेरिकेत १९२८ साली प्रेटझेल कंपनीने वळणावळणाच्या रुळांवरील अंधारी गाडी बाजारात आणली तेव्हा दचकवणे हाच तिचा हेतू होता. १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडने तेच तंत्र परीकथांसाठी वापरले, तरीही स्नो व्हाइटच्या गाडीतील चेटकीण पाहून मुले रडत बाहेर येत, म्हणून १९८३ मध्ये त्या गाडीच्या नावातच ‘भीतिदायक’ हा शब्द घालण्यात आला. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकामध्येही हा भेद पाळलेला दिसतो. ‘अलीबाबा और चालीस चोर’ या गाडीत बसून मुले बंदुकीने प्रकाशाचे नेम साधतात, तर ज्याला भीतीच हवी त्याच्यासाठी ‘सलीमगढ’ वेगळा आहे. म्हणजे जगभरच्या व्यावसायिकांना जे पाटीवर स्पष्ट लिहावेसे वाटते, ते आपल्याकडच्या तिकीटवाल्याला लिहावेसे वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

या करमणुकीचा निम्मा परिणाम यंत्राचा नसून डोळ्याचा असतो. उन्हातून अंधारात गेल्यावर दृष्टी पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फेरी तर काही मिनिटांतच संपते, त्यामुळे प्रेक्षक आत असेपर्यंत जवळजवळ आंधळाच राहतो. त्यातच ‘ब्लॅक लाइट’, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिनील प्रकाश, चमकणाऱ्या रंगांवर पाडला की मुखवटा तेवढा दिसतो आणि त्यामागचे प्लायवूड, थर्माकोल, लोंबणाऱ्या वायरी दिसत नाहीत. जो अंधार मुखवटा जिवंत करतो तोच मालकाचा हलगर्जीपणाही झाकतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला जिल्ह्यातीलच एका यात्रेत कळली. त्या यात्रेचे आणि मालकाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण असे मालक गावोगाव आहेत.

‘आत काय आहे’ असे नातवाला घेऊन आलेल्या आजीने तिकीटवाल्याला विचारले असता, ‘काही नाही मावशी, जंगल आहे, वाघ-हत्ती आहेत, लेकरं हसत येतात’ असे उत्तर मिळाले होते. प्रत्यक्षात पहिल्याच वळणावर गळा कापलेला माणूस लटकत होता. तेही एक वेळ सोडून देता आले असते, परंतु पुढे मध्यावर वीज गेली, गाडी थांबली आणि ध्वनिमुद्रित हास्यही अर्ध्यावर तुटले. हा खेळाचाच भाग असावा या समजुतीने मोठी माणसे काही वेळ हसत राहिली. मागच्या डब्यातील एका तरुणाने मोबाइलचा उजेड भिंतीवर फिरवला तेव्हा बाहेर जाण्याचे दार समोर दिसले, आणि ते बाहेरून तारेने बांधलेले असल्याचे ढकलल्यावर लक्षात आले. त्या क्षणापर्यंत नातू भुताला घाबरत होता. त्यानंतर मोठी माणसे घाबरली, आणि मोठ्यांचा बदललेला आवाज ऐकून तो जो रडू लागला तो घरी येईपर्यंत थांबला नाही.

जनरेटर सुरू होऊन गाडी बाहेर आल्यावर मालकाची वागणूक अपघातापेक्षाही अधिक लक्षात राहण्यासारखी होती. ‘भुताच्या घरात अंधारच राहणार ना काका, दोन मिनिटं लाइट गेली तर एवढं काय?’ असे त्याने गल्ल्यावरून न उठता ऐकवले. ज्या घराला तासापूर्वी जंगल म्हटले होते ते तक्रार येताच भुताचे झाले होते. दार बांधण्याचे कारण विचारता ‘फुकटे पोरं मागून शिरतात’ असे सांगितले गेले, आणि चार दिवसांच्या मांडवाला कसले नियम, हा त्याचा अखेरचा युक्तिवाद होता. रांगेतील लोकांनी लेखकाकडेच त्रासिकपणे पाहिले, हेही नमूद करणे भाग आहे.

‘तात्पुरते’ या सबबीची किंमत काय असते हे त्या मालकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु परवानगी देणाऱ्यांना ठाऊक असावे. अमेरिकेत न्यू जर्सीतील ‘हाँटेड कॅसल’ हा भूत बंगला मालवाहू ट्रेलर एकमेकांना जोडून बनवलेला होता, आणि तो तात्पुरता मानला गेल्याने त्यात आग विझवणारे फवारे बसवलेले नव्हते. ११ मे १९८४ रोजी लागलेल्या आगीत तेथे आठ किशोरवयीन मुले दगावली. त्यापूर्वी ९ जून १९७९ रोजी सिडनीच्या लूना पार्कमधील ‘घोस्ट ट्रेन’ जळून सहा मुले आणि एक प्रौढ असे सात जण मरण पावले होते. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. राजकोटच्या गेम झोनमधील मे २०२४ ची आग अजून विस्मरणात गेलेली नाही.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मांडवाला बाहेरून एक फेरी मारून मागचे दार पाहावे, आणि त्याला कुलूप, तार किंवा सुतळी दिसली तर परत फिरावे. आत काय आहे हे तिकीटवाल्याला विचारू नये. नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला विचारावे, तो खरे सांगतो. जनरेटर कापडी कनातीला टेकलेला आहे का, आग विझवण्याचे नळकांडे कोठे आहे आणि वीज गेल्यास बॅटरीवर लागणारा दिवा आत आहे का, हे विचारल्यावर मालक चिडत असेल तर उत्तर मिळाले असे समजावे. फिट येणाऱ्या मुलाला झगमगत्या दिव्यांत नेऊ नये, कारण सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी उघडझाप अशा काही रुग्णांना अपायकारक ठरते.

तिकिटाबाबत मात्र विशेष सावध राहावे. आत शिरताना ते काढून घेतले जाते, त्यामुळे रांगेतच त्याचे, दरफलकाचे आणि ‘फॅमिली’ या पाटीचे छायाचित्र काढून ठेवावे. या प्रकरणात मालकाने तिकीटच फाडून टाकल्याने लेखकाच्या हाती तोंडी बोलण्याखेरीज काही उरले नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, लहान रकमेच्या तक्रारीला शुल्क नसते, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

यात्रा समित्या जागेचे भाडे आगाऊ घेतात आणि पाळण्यांची तपासणी झाल्याचे कागदही मागवतात. परंतु रुळांवर हळू चालणारी बंद गाडी धोकादायक वाटत नसल्याने तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. गंगाखेड असो, जिंतूर असो की पाथरी, पुढच्या यात्रेत जागा देण्यापूर्वी समितीच्या एका सदस्याने दिवे बंद करून त्या गाडीत एकदा स्वतः बसावे आणि मागच्या दाराने बाहेर येऊन दाखवावे, एवढीच मागणी आहे.